यॉजची सुई

1952 साली चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. पण या जिल्ह्याचं दक्षिण टोक, म्हणजे अहेरीची जमीनदारी आणि सिरोंचाचा मुलूख, नागपूरपासून फारच लांब. रेल्वे बल्लारपूरवरून सरळ दक्षिणेला निघून जाई. तिच्या पूर्वेला आलापल्लीचं सागवान, त्याच्याही पलीकडे एटापल्ली, भामरागड आणि मग बस्तर. पावसाळा लागला की इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम या नद्या भरत आणि भामरागडच्या बाजूची गावं जगापासून तुटत. त्या गावांत माडिया गोंड राहत आले होते. त्यांच्या पोरांच्या अंगावर एक रोग पिढ्यान्पिढ्या राहत आला होता. डॉक्टरी पुस्तकांत त्याचं नाव यॉज.

आज महाराष्ट्रातल्या बहुतेक डॉक्टरांनी यॉजचा एकही रुग्ण पाहिलेला नाही. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तो एका परिच्छेदापुरता भेटतो. हा रोग इतका दुर्मीळ कसा झाला, याची कहाणी मात्र मोठी आहे. ती चांद्याच्या जंगलातून पिंपरीच्या कारखान्यापर्यंत जाते, मध्येच दहा-पंधरा वर्षं गप्प बसते आणि पुन्हा जंगलात परतते.

सुरुवात होते ती एका खरचटण्यापासून. उघड्या पायांनी रानात हिंडणाऱ्या मुलाच्या नडगीला काटा ओरबाडतो. शेजारच्या मुलाच्या अंगावरच्या ओल्या फोडाचा स्पर्श त्या ओरखड्याला होतो. साधारण तीन आठवड्यांनी तिथे एक गाठ उठते, वाढते, फुटते आणि तिच्यावर पिवळट खपली धरते. दुखत फारसं नाही. काही महिन्यांत ती आपोआप भरून येते आणि आईबाप निश्चिंत होतात. रोग तोवर रक्तावाटे सगळ्या अंगात गेलेला असतो. मग चेहऱ्यावर, काखेत, हातापायांवर तसेच दाणेदार, ओले चट्टे उठतात. तळपायांची कातडी जाड होऊन भेगाळते आणि पोर टाच टेकायला भिऊन पाय तिरके टाकत चालतं. दर चार रुग्णांपैकी तीन पंधरा वर्षांच्या आतले असत. हा रोग मुलांचा होता.

कातडीपुरतं असतं तर कदाचित कोणी एवढं मनावर घेतलं नसतं. यॉज हाडात शिरतो. हाडावरच्या आवरणाला सूज येते, बोटांची पेरं फुगतात, नडगी रात्री ठणकते. दिवसा खेळणारं मूल रात्री पाय धरून रडतं. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर नडगीचं हाड पुढच्या बाजूला तलवारीसारखं बाक घेतं आणि तसंच राहतं. उपचार न झालेल्या दर दहा रुग्णांपैकी साधारण एकाला पुढे अशी कायमची विद्रूपता येई. काहींचं नाक आणि टाळू आतून झडून जाई. डॉक्टर सेसिल हॅकेट यांनी युगांडात शेकडो रुग्णांच्या हाडांची क्ष-किरण छायाचित्रं काढून 1951 मध्ये त्यावर एक आख्खा ग्रंथच लिहिला. तोवर हा केवळ कातडीचा रोग आहे, असं मानणारे पुष्कळ होते.

रोगाचा जंतू 1905 मध्ये सापडला. कोलंबोत काम करणाऱ्या आल्दो कास्तेल्लानी या इटालियन डॉक्टरांनी फोडातल्या द्रवात मळसूत्रासारखा पीळदार जंतू पाहिला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये उपदंशाचा जंतू सापडला होता. दोन्ही इतके सारखे की सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखता येत नाहीत. रक्ताची चाचणीही दोघांना एकच उत्तर देते. फरक आहे तो वागण्यात. यॉज शरीरसंबंधातून पसरत नाही आणि आईच्या पोटातून बाळाला लागत नाही. हे नीट समजून घेणं गरजेचं होतं, कारण बाहेरून आलेल्या कितीतरी माणसांनी रक्ताचा अहवाल पाहून आदिवासींच्या चारित्र्याबद्दल नाही नाही ते निष्कर्ष काढले. ठिकठिकाणी या रोगाला ‘माडिया रोग’, ‘गोंडी रोग’, ‘कोया रोग’ अशी नावंही पडली होती. रोग गरिबीचा, ओलाव्याचा आणि आरोग्यसेवा नसण्याचा, आणि बोट मात्र जमातीकडे.

हिंदुस्थानात त्याची पहिली वैद्यकीय नोंद 1887 ची, आसामातल्या चहामळ्यांच्या मजुरांमध्ये. मळ्यांवर मजूर जात ते छोटा नागपूर, ओरिसा, मध्य प्रांत अशा भागांतून, आणि परतही तिकडेच येत. या ये-जा करणाऱ्या माणसांबरोबर रोग मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात पसरला असावा, असं पुढच्या अभ्यासकांनी मानलं.

या जंतूला ऊब लागते आणि ओल लागते. दमट हवेत फोड ओले राहतात आणि ओल्या फोडातूनच तो दुसऱ्याच्या अंगावर जातो, म्हणून पावसाळ्यात रोग वाढे आणि उन्हाळ्यात मंदावे. महाराष्ट्राच्या नकाशावर हे स्वच्छ दिसतं. सोलापूर-वाडी लोहमार्गावरचं अक्कलकोट तालुक्यातलं दुधनी घ्या, कर्नाटकाच्या सीमेला चिकटलेलं, तुरीच्या बाजाराचं गाव. त्या जिल्ह्यात वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथल्या भेगाळ काळ्या रानात यॉजला पाय रोवायला जागाच नव्हती. अहेरी-भामरागडच्या जंगलात त्याच्या दुपटीहून जास्त पाऊस. त्यामुळे एकाच राज्याच्या एका टोकाला पिढ्यान्पिढ्या ज्याचं नावही ठाऊक नाही, तो रोग दुसऱ्या टोकाला पोरांच्या हाडांत घर करून होता. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी क्वचितच येई यात नवल नाही, पण खंत नक्की वाटते.

औषधं कोणती होती? सुया येण्यापूर्वी जगभर जे जे तिखट, जळजळीत, ते ते या फोडांवर लावून झालं होतं. मोरचूद उगाळून फोड जाळायची पद्धत अनेक उष्ण देशांत होती. पाऱ्याची संयुगं पोटात आणि कातडीवर दिली जात. त्यांनी दात हलत, तोंडातून लाळ गळे. पोटॅशियम आयोडाइडने हाडांचं दुखणं थोडं कमी होई. जंगलातल्या माणसाकडे गावचा पुजारी होता, मंत्र होते आणि झाडपाला होता. फोड काही महिन्यांनी आपोआप बरे होतच, त्यामुळे प्रत्येक उपायाला थोडं यश मिळे आणि रोग आत तसाच राही.

1910 मध्ये पॉल एर्लिख आणि त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांचं साल्व्हरसान बाजारात आलं. सोमलाचं संयुग, प्रयोगशाळेतला क्रमांक 606. ते होतं उपदंशासाठी, पण यॉजवर त्याचा परिणाम पाहून डॉक्टर थक्क झाले. एका सुईने आठवड्याभरात फोड वाळत. उष्ण प्रदेशात ‘सुई’ या गोष्टीवर लोकांचा जो विश्वास बसला, त्याचं मूळ अनेक ठिकाणी या यॉजच्या उपचारात आहे. अंगावरचे ओले चट्टे पाहता पाहता झडतात, हे आख्खं गाव डोळ्यांनी बघत असे.

तरीही 606 ने रोग हटला नाही. औषध शिरेतून द्यावं लागे, महाग होतं, विषारी होतं आणि एका सुईत जंतू मुळासकट जात नसे. 1921 नंतर बिस्मथ आलं. ते स्नायूत देता येई आणि स्वस्तही पडे, पण त्याच्याही आठवड्याला एक अशा कितीतरी सुया घ्याव्या लागत. पहिल्या सुईनंतर फोड वाळले की माणूस दुसऱ्या सुईला येत नसे. त्याने का यावं? दवाखाना वीस-तीस मैलांवर, मध्ये नदी, शेतात काम, आणि अंग तर बरं दिसतंय. चूक रुग्णाची म्हणण्यात अर्थ नव्हता. औषधच असं हवं होतं की जे एका भेटीत काम पुरं करील.

ते औषध पेनिसिलीन. फ्लेमिंग यांचं 1928 मधलं निरीक्षण, फ्लोरी आणि चेन यांचं 1940 च्या आसपासचं ऑक्सफर्डमधलं काम, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आहे. सुरुवातीला ते इतकं दुर्मीळ होतं की रुग्णाच्या लघवीतून गाळून पुन्हा वापरलं जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षांत ते यॉजच्या रुग्णांवर वापरून पाहिलं गेलं आणि गुण आला. पण एक अडचण होती, आणि ती जंतूच्या स्वभावातली होती.

पुष्कळसे जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. यॉजचा जंतू अतिशय संथ. त्याला एकदा दुभागायला तीस तासांच्या आसपास लागतात. पेनिसिलीन जंतूला मारतं ते तो वाढत असताना, नवी भिंत बांधत असताना. साधं पेनिसिलीन काही तासांत लघवीवाटे निघून जातं. संथ जंतू तोवर वाढायला सुरुवातही करत नाही. म्हणजे औषधाचं प्रमाण फार नको, पण ते रक्तात कितीतरी दिवस टिकून राहायला हवं. 1948 च्या सुमारास यावर तोड निघाली. प्रोकेन पेनिसिलीन शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलात, ॲल्युमिनियमच्या एका क्षाराबरोबर घोटायचं. कमरेखाली दिलेली ही तेलकट सुई दिवसचे दिवस हळूहळू रक्तात झिरपत राही. औषधाला ‘पाम’ म्हणत. द्यायला ते सोपं नव्हतं. बाटली खळखळून हलवावी लागे, सुई जाड लागे आणि पिचकारीत पाण्याचा थेंब राहिला तर औषध तिथेच गोठून बसे. काचेच्या पिचकाऱ्या उकळून पूर्ण कोरड्या करणं, तेही पावसाळी जंगलात, हेच निम्मं काम होतं. पुढे बेन्झाथिन पेनिसिलीन आलं आणि एका सुईचा असर तीन-चार आठवडे टिकू लागला. मोठ्यांना बारा लाख युनिट, दहा वर्षांखालच्या मुलांना सहा लाख. एकदाच.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्वचा आणि हाड एकाच वेळी धरणारे आणखीही विकार आहेत. फ्रेंच डॉक्टरांनी 1987 मध्ये ‘सॅफो’ हे नाव दिलेला असाच एक दुर्मीळ विकार आहे. त्यात छातीची, गळपट्टीची हाडं सुजतात आणि तळहात-तळपायांवर पुवाचे फोड येतात. तिथे शरीराची स्वतःचीच दाहयंत्रणा बिघडलेली असते. वेदनाशामक गोळ्या, मेथोट्रेक्सेट, हाडांसाठी पॅमिड्रोनेट, अलीकडची महागडी जैविक औषधं, असं एकामागून एक वर्षानुवर्षं लावून पाहावं लागतं. कोणाला गुण येतो, कोणाला येत नाही. त्या रुग्णांकडे पाहिलं म्हणजे यॉजला मिळालेल्या एका सुईचं मोल कळतं, आणि ती सुई असूनही मुलांची हाडं इतकी वर्षं वाकत राहिली हे जास्त बोचतं.

1949 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने या रोगांविरुद्ध मोहिमेचा ठराव केला. 1950 मध्ये हैतीत घरोघर पेनिसिलीन टोचायला सुरुवात झाली. मार्च 1952 मध्ये बँकॉकला यॉजवरचा पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला आणि त्याच वर्षी भारतातही मोहीम सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला द्यायचा, युनिसेफने साधनसामग्री आणि औषधं पुरवायची, राज्यांनी माणसं द्यायची, अशी वाटणी होती. कामाची जागा म्हणजे ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र, मद्रास यांचे आदिवासी जंगलपट्टे. चांद्याचा दक्षिण भाग त्याच पट्ट्यातला. मोहीम सुरू झाली तेव्हा चांद्याचा कारभार नागपुरातून होई, 1956 मध्ये जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. सरकारं बदलली, फायलींवरचे शिक्के बदलले. फोड आलेल्या मुलाला त्याचं काही नव्हतं.

याच वर्षांत पुण्याजवळ दुसरं काम चाललं होतं. हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहेबसिंग सोखी यांनी स्वातंत्र्याआधीपासून एक मुद्दा धरून ठेवला होता: औषधं देशात बनली पाहिजेत आणि ती नफ्यासाठी नव्हे, सर्वांसाठी बनली पाहिजेत. राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे ते अध्यक्ष होते. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेत सहायक महासंचालक झाले. पेनिसिलीनचा कारखाना भारत सरकारच्या मालकीचा व्हावा आणि त्याला जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी तंत्र आणि यंत्रं द्यावीत, असं ठरलं. जागा निवडली पुणे-मुंबई लोहमार्गावरची पिंपरी.

पिंपरी तेव्हा पवनेकाठचं खेडं होतं, शेजारी फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी. 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि 1955 मध्ये पेनिसिलीन बाहेर पडू लागलं. सार्वजनिक क्षेत्रातली औषध बनवणारी ही देशातली पहिली कंपनी. पिंपरी-चिंचवड या उद्योगनगरीचा इतिहासही इथूनच मोजतात. मोटारी आणि स्कूटर नंतर आल्या, आधी बुरशी आली. कंपनीच्या नावाची आद्याक्षरं गावाच्या बोलण्यात अशी मुरली की ‘एच. ए. कॉलनी’, ‘एच. ए. मैदान’ ही नावं आजही पत्त्यात आहेत.

पेनिसिलीन बनवणं म्हणजे बुरशीची शेती. उंच पोलादी टाक्यांमध्ये साखर आणि मक्याच्या स्टार्चच्या कारखान्यात उरणारं दाट पाणी घालायचं, ते वाफेने निर्जंतुक करायचं आणि त्यात बुरशीचं विरजण सोडायचं. त्या बुरशीचे पूर्वज 1943 मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर सापडले होते. टाकीत सतत शुद्ध हवा फुंकायची, ढवळत राहायचं, उष्णता पंचवीस अंशांच्या आसपास धरायची. एखादा परका जंतू शिरला तर टाकीभर माल ओतून द्यावा लागे. बुरशी भुकेली राहिली की पेनिसिलीन जास्त देते, म्हणून तिला साखरही मोजून, हळूहळू द्यायची. मग गाळणं, थंड करणं, द्रावकात खेचणं, स्फटिक करणं आणि अखेर रबरी बुचाच्या छोट्या कुपीत पांढरी पूड. खेड्यापाड्यातल्या दवाखान्यांत या कुपीला पाणी टोचून, दोन तळव्यांत फिरवून सुई भरणारा कंपाउंडर एका पिढीने पाहिलेला आहे.

पिंपरीत नुसतं उत्पादन झालं नाही. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथल्या मातीत सापडलेल्या एका जंतूपासून 1961 मध्ये हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध मिळालं. जंतूला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. जगाच्या जीवशास्त्रात पिंपरीचं नाव असं कायमचं लागलेलं आहे.

जंगलातल्या मोहिमेचा नियम अनुभवातून ठरला होता. गावात शंभरात दहापेक्षा जास्त जणांना फोड असतील तर आख्ख्या गावाला सुई. पाच ते दहाच्या मध्ये असतील तर रुग्ण, त्यांच्या सहवासातले आणि पंधरा वर्षांखालची सगळी मुलं. त्याहून कमी असतील तर रुग्ण आणि त्यांच्या घरचे, शेजारचे, खेळगडी. निरोगी दिसणाऱ्याला सुई का, हा प्रश्न प्रत्येक गावात येणारच. उत्तर असं की अंगावर फोड असलेल्या एकामागे जंतू अंगात बाळगून शांत बसलेले कितीतरी असतात. त्यांना सोडलं तर पुढच्या पावसाळ्यात तेच रोग परत आणतात.

जगाच्या पातळीवर 1952 ते 1964 या बारा वर्षांत 46 देशांमध्ये सुमारे 30 कोटी माणसं तपासली गेली आणि 5 कोटींना पेनिसिलीन दिलं गेलं. रोग 95 टक्क्यांनी घटला. भारतात या मोहिमेत सुमारे दोन लाख रुग्णांवर उपचार झाले. वैद्यकाच्या इतिहासात एवढ्या कमी खर्चात एवढ्या माणसांना वेदनामुक्त केल्याची उदाहरणं फार नाहीत.

आणि इथेच मोठी चूक झाली. रोग जवळजवळ गेला म्हणून मोहीम गुंडाळली गेली. उरलेलं काम नेहमीच्या आरोग्यसेवेने करायचं, असं कागदावर ठरलं. पण भामरागडसारख्या ठिकाणी नेहमीची आरोग्यसेवा होती कुठे? डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पात दवाखाना थाटला तो 23 डिसेंबर 1973 रोजी प्रकल्प सुरू झाल्यानंतर. त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांच्या हकिकती वाचल्या तर कळतं की वीज नव्हती, रस्ता नव्हता आणि डॉक्टर नावाच्या माणसाकडे जायचं असतं हेही आसपासच्या माडियांना नवं होतं. अशा मुलखात शेवटच्या पाच टक्के रुग्णांना आपणहून प्राथमिक आरोग्य केंद्रात येण्याची अपेक्षा होती.

ते आले नाहीत. 1970 च्या दशकाच्या अखेरीला मध्य प्रदेश, ओरिसा, आंध्र आणि महाराष्ट्रातून पुन्हा फोड आलेली मुलं दिसू लागली. हे फक्त भारतात घडलं नाही. आफ्रिकेतही तेच झालं, आणि 1978 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेला पुन्हा ठराव करावा लागला. औषधात काहीही उणं नव्हतं. या जंतूने पेनिसिलीनला दाद न दिल्याचं तेव्हाही दिसलं नव्हतं आणि आजवरही दिसलेलं नाही. सुई तीच, मात्रा तीच, किंमत तर आणखी उतरलेली. गेला होता तो टोल्याटोल्यात जाऊन मुलांचे पाय तपासणारा माणूस. रोग परत येण्याचं कारण एवढंच आणि इतकंच होतं, आणि ज्यांनी मोहीम आवरती घेतली त्यांना ते आधी दिसायला हवं होतं.

दुसरी फेरी 1996-97 मध्ये ओरिसातल्या कोरापुट जिल्ह्यात सुरू झाली. मार्गदर्शन दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेचं. 1999 पर्यंत ती दहा राज्यांच्या 51 जिल्ह्यांत पोचली. महाराष्ट्र त्या दहांत होता. चांद्याचे तोवर दोन जिल्हे झालेले होते, कारण 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा निघाला होता. या वेळी पद्धत नारूच्या निर्मूलन मोहिमेकडून शिकून घेतलेली होती. कार्यकर्त्याच्या हातात फोडांचे रंगीत फोटो असलेलं कार्ड. ते घरोघर, आठवडी बाजारात, शाळेत दाखवायचं आणि ‘असं कोणाला झालंय का?’ एवढंच विचारायचं. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा बोट दाखवून कोणाच्या घरी जायचं ते सांगू शके. रुग्ण सापडला की त्याला आणि त्याच्या सहवासातल्या सगळ्यांना एकाच दिवशी बेन्झाथिन पेनिसिलीन. नुसती अफवा आली तरी कोणीतरी तिथवर चालत जायचं आणि काय पाहिलं ते लिहून ठेवायचं.

1996 मध्ये देशात 3,571 रुग्ण नोंदले गेले होते. 2003 मध्ये 46. त्यानंतर एकही नाही. 19 सप्टेंबर 2006 रोजी सरकारने यॉजचं दूरीकरण जाहीर केलं, पण या वेळी शोध थांबवला नाही. नवा रुग्ण कळवणाऱ्याला रोख बक्षीस जाहीर झालं. पाच वर्षांखालच्या मुलांच्या रक्ताची तपासणी वर्षांमागून वर्षं होत राहिली. त्या वयाच्या मुलांच्या रक्तात खूण सापडली नाही, तर त्यांच्या जन्मानंतर रोग पसरलेला नाही असा पक्का पुरावा मिळतो. सगळं पाहून 2016 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचं मान्य केलं आणि 14 जुलै 2016 रोजी दिल्लीत प्रमाणपत्र दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2012 च्या आराखड्यानुसार हा मान मिळवणारा भारत पहिला देश.

त्या दिवशीच्या छायाचित्रांत मंत्री आहेत, संघटनेच्या अधिकारी आहेत. खांद्याला औषधाची पेटी लावून डोंग्यातून पर्लकोटा ओलांडणारा आरोग्य कर्मचारी त्यांत नाही. त्याचं नाव कुठल्या ग्रंथातही नाही. सेवापुस्तकात एखाद्या प्रवासभत्त्याच्या नोंदीपुरता तो उरला असेल. इतिहास लिहिताना खरं तर त्याच्यापासून सुरुवात करायला हवी.

औषधाची कहाणी पुढेही चालू आहे. 2012 मध्ये पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या ओरिओल मित्जा यांनी दाखवून दिलं की ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांची एकच मात्रा पेनिसिलीनच्या सुईइतकीच गुणकारी आहे. सुईची गरज संपली असं वाटलं, उकळलेल्या पिचकाऱ्या इतिहासात जमा झाल्या आणि जगाच्या उरलेल्या भागातून यॉज हटवण्याची आशा पुन्हा जागी झाली. मात्र 2018 मध्ये त्याच देशातून त्याच संशोधकांनी ॲझिथ्रोमायसिनला न जुमानणारा जंतू सापडल्याचं कळवलं. अशा रुग्णांसाठी अजूनही जुनी सुईच कामाला येते.

ती सुई जिथे भरायची त्या पिंपरीचे दिवस मात्र फिरले. परदेशातून, मुख्यतः चीनमधून, स्वस्त पेनिसिलीन येऊ लागलं आणि इथल्या टाक्यांना ते झेपेना. 1997 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची नोंद आजारी उद्योगांत झाली. पेनिसिलीनचा मूळ पदार्थ देशात बनणं हळूहळू थांबलं आणि जे औषध देशातच बनावं असा सोखींचा आग्रह होता, ते पुन्हा आयातीवर आलं. 2020 मध्ये केंद्र सरकारने देशांतर्गत उत्पादनाला प्रोत्साहन देण्यासाठी औषधांच्या मूळ पदार्थांची यादी केली, तीत पेनिसिलीन जी होतं. त्यातून नवा कारखाना उभा राहिला तो आंध्र प्रदेशात काकिनाडाजवळ, खासगी कंपनीचा. पिंपरीत एच. ए. चं आवार अजून आहे. त्या जमिनीचा काही भाग विकून कामगारांची देणी भागवावीत, असा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने 2016 मध्ये घेतला, म्हणजे भारत यॉजमुक्त ठरला त्याच वर्षी.